गुणोत्तर-प्रमाणाची गणितं पट्ट्या काढून कशी सोडवायची

माझा मुलगा सहावीत असताना एका संध्याकाळी वही घेऊन स्वयंपाकघरात आला. गणित असं होतं: दोन भावांनी काही रक्कम ५:३ या प्रमाणात वाटून घेतली. थोरल्याला धाकट्यापेक्षा १२० रुपये जास्त मिळाले. तर एकूण रक्कम किती? त्याने १२० ला ८ ने भागलं होतं आणि ७५ व ४५ अशी उत्तरं काढली होती. "आई, बेरीज बरोबर १२० येतेय. मग चूक कुठे आहे?"

मी त्याला 'क्ष मान' म्हणून सांगितलं. ५क्ष वजा ३क्ष बरोबर १२०, म्हणून क्ष ६०, एकूण ४८०. त्याने मुकाट्याने लिहून घेतलं आणि पुढच्याच गणितात पुन्हा तीच चूक केली. भागाकार त्याला उत्तम येत होता. १२० हा आकडा बेरजेचा आहे की फरकाचा, हेच त्याच्या डोळ्यांपुढे येत नव्हतं. तेव्हा मी चौकटीच्या वहीवर दोन पट्ट्या काढल्या:

थोरला : [ ][ ][ ][ ][ ]
धाकटा : [ ][ ][ ]

आणि विचारलं, "थोरल्याला जास्त मिळाले ते यात कुठे दिसतात?" त्याने शेवटच्या दोन घरांवर बोट ठेवलं. "ही दोन घरं म्हणजे १२०?" मग स्वतःच म्हणाला, "म्हणजे एक घर ६० चं!"

त्यानंतर ती दोन वर्षं आम्ही घरातली, बाजारातली, पुस्तकातली शेकडो गणितं अशी सोडवली. त्यात जिथे जिथे अडलो ते सगळं इथे क्रमाने लिहिते आहे. मुलांना शिकवणाऱ्या पालकांसाठी हे आहेच, पण शाळा सुटल्यापासून 'प्रमाण' या शब्दाला घाबरणाऱ्या मोठ्या माणसांसाठीही आहे.

पद्धत माझी नाही. सिंगापूरच्या प्राथमिक शाळांमध्ये १९८० च्या दशकात ती अभ्यासक्रमात आली, मुलांना बीजगणित येण्याआधीच शाब्दिक उदाहरणं सोडवता यावीत म्हणून. आधी हातात वस्तू, मग चित्र, मग आकडे असा तिचा क्रम आहे. आपल्याकडे मूल वस्तूंवरून थेट आकड्यांवर उडी मारतं आणि मधली चित्राची पायरी राहून जाते, असं मला सहावीच्या गणितात फार जाणवलं.

काय काय लागेल

- चौकटीची वही. कोऱ्या कागदावर घरं लहानमोठी होतात आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो.
- पेन्सिल आणि खोडरबर. पेन नको, पट्टी बदलावी लागते.
- दोन रंगीत पेन्सिली, 'आधी' आणि 'नंतर' वेगळं दाखवायला.
- लहान मुलांसाठी कागदाच्या सारख्या मापाच्या पट्ट्या कापून ठेवा. राजम्याचे दाणेही चालतात, पण कागद बरा, कारण तो दुमडता येतो.

एक खुलासा आत्ताच करते. शाळेत 'स्तंभालेख' शिकवतात, तो वेगळा. त्यात अक्ष असतो, प्रमाण ठरवलेलं असतं, स्तंभाची उंची मोजायची असते. इथे काहीच मोजायचं नाही. पट्टी म्हणजे नातं दाखवणारं कच्चं चित्र. माझ्या मुलाने पहिल्या दिवशी मोजपट्टी घेऊन '१ सेमी = १० रुपये' लिहायला सुरुवात केली होती. ते थांबवा.

पायरी १: कोण कोण आहे ते डावीकडे लिहा

गणित वाचून झालं की आकड्यांना हात लावू नका. ज्यांची तुलना चालली आहे त्यांची नावं एकाखाली एक लिहा: तांदूळ, डाळ. थोरला, धाकटा. सिमेंट, वाळू, खडी.

इथला सापळा क्रमाचा. 'डाळ आणि तांदूळ यांचं प्रमाण १:३' या वाक्यात १ डाळीचा आहे, कारण डाळ आधी आली. मुलं सवयीने तांदूळ आधी लिहितात आणि त्याच्यापुढे १ टाकतात. वाक्यात ज्या क्रमाने नावं आली, त्याच क्रमाने लिहायची.

पायरी २: घरं काढा, सगळी एका मापाची

३:१ असेल तर तांदळासमोर तीन घरं, डाळीसमोर एक. सगळ्या पट्ट्या डावीकडे एकाच रेषेत सुरू करा, म्हणजे जास्त कोण आणि किती घरांनी हे नजरेलाच कळतं.

तांदूळ : [ ][ ][ ]
डाळ  : [ ]

घर म्हणजे किती, हे अजून माहीत नाही, आणि ते माहीत नसलं तरी चालतं. फक्त एक घर जेवढं, तेवढंच दुसरं. हा नियम मोडला की पद्धतच कोसळते.

पट्टीकडे बघून आणखी एक गोष्ट पक्की करून घ्या. एकूण घरं चार आहेत, म्हणून डाळ एकूण मिश्रणाच्या १/४ आहे. ती १/३ नाही. तांदळाच्या मानाने ती १/३ आहे. 'कशाच्या मानाने' हा प्रश्न न विचारल्यामुळे मोठी माणसंही इथे चुकतात. मुलाला दोन्ही प्रश्न विचारा आणि दोन्ही वेळा पट्टीवर बोट ठेवून उत्तर द्यायला लावा.

पायरी ३: दिलेली संख्या नेमकी कुठे बसते ते ठरवा

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्या. पुढचं सगळं साधा भागाकार-गुणाकार आहे.

गणितात एक खरी संख्या दिलेली असते: रुपये, किलो, वर्षं. ती पट्टीवर कुठल्या घरांची आहे ते महिरपी कंसाने दाखवायचं. दोन जणांच्या गणितात तिच्या मुख्य जागा चारच. वरचेच भाऊ घेऊ, ५:३, आणि संख्या प्रत्येक वेळी १२० रुपयेच ठेवू.

- थोरल्याला १२० मिळाले. म्हणजे ५ घरं = १२०, एक घर २४. एकूण १९२.
- धाकट्याला १२० मिळाले. ३ घरं = १२०, एक घर ४०. एकूण ३२०.
- दोघांना मिळून १२० मिळाले. ८ घरं = १२०, एक घर १५. थोरला ७५, धाकटा ४५.
- थोरल्याला १२० जास्त मिळाले. २ घरं = १२०, एक घर ६०. एकूण ४८०.

प्रमाण तेच आणि आकडाही तोच, पण उत्तरं चार. मुलाने पहिल्यांदा जे केलं ते तिसऱ्या गणिताचं उत्तर होतं. विचारलं होतं चौथं. आठवडाभर फक्त हाच खेळ खेळा. पाटीवर पट्ट्या काढून ठेवा, तुम्ही एक वाक्य म्हणा, मुलाने फक्त कंस काढायचा. उत्तर काढायचंच नाही. मी हे केलं नसतं तर पुढच्या पायऱ्या व्यर्थ गेल्या असत्या, असं मला आज नक्की वाटतं.

'मिळून', 'एकूण', 'दोघांचे' म्हटलं की सगळी घरं. 'जास्त', 'कमी', 'फरक', 'ने मोठा' म्हटलं की वरची उरलेली घरं. पण शब्द पाठ करून त्यावर विसंबू नका. 'एकूण' हा शब्द काही वेळा एकाच माणसाबद्दल येतो: 'थोरल्याला एकूण १२० मिळाले'. वाक्य पुरतं वाचल्याशिवाय कंस काढायचा नाही.

पायरी ४: एका घरात किती?

कंसातली संख्या भागिले कंसातली घरं. उत्तर एकाच घरात लिहा आणि मग तेच सगळ्या घरांत भरा. सुरुवातीला खरोखर सगळी घरं भरायला लावा. कंटाळवाणं वाटतं, पण 'प्रत्येक घर सारखं' हे हाताला कळतं.

आपल्या पुस्तकातली एकमान पद्धत ती हीच. तिथे एका वस्तूची किंमत काढतो, इथे एका घराची.

पायरी ५: विचारलं काय आहे ते परत वाचा, मग ताळा करा

एका घराची किंमत काढून गणित सोडून देणं ही फार नेहमीची चूक आहे. वही बंद करण्याआधी प्रश्नाखाली रेघ मारा: धाकट्याचे विचारलेत, एकूण विचारलेत की फरक?

ताळा पट्टीवरच करायचा. इडलीच्या पिठासाठी तांदूळ-डाळ ३:१ घ्यायचं आहे आणि दोन्ही मिळून १२ वाट्या भिजत घालायच्या आहेत. ४ घरं = १२, एक घर ३ वाट्या. तांदूळ ९, डाळ ३. बेरीज १२ आली, आणि ९ हे ३ च्या तिप्पट आहेत. दोन्ही तपासण्या कराव्या लागतात. मुलाच्या पहिल्या उत्तराचं प्रमाण बरोबर होतं, फक्त फरक १२० येत नव्हता.

पायरी ६: तीन पट्ट्या, आणि बेरजेचा एक सापळा

तिसरं नाव आलं की तिसरी पट्टी. आमच्या गावाकडे अंगणात काँक्रीट टाकायचं होतं तेव्हा गवंड्याने १:२:४ सांगितलं: एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू, चार भाग खडी.

सिमेंट : [ ]
वाळू  : [ ][ ]
खडी  : [ ][ ][ ][ ]

सिमेंटची ५० किलोची गोणी आकारमानाने साधारण ३५ लिटर भरते. म्हणजे एक घर ३५ लिटर, वाळू ७० लिटर, खडी १४० लिटर. घमेल्याने मोजलं तरी चालतं, घमेलं तेच ठेवायचं.

मग मुलगा म्हणाला, "सात घरं, म्हणजे २४५ लिटर काँक्रीट होणार." इथे थांबावं लागलं. खडीच्या मधल्या फटींत वाळू जाऊन बसते आणि वाळूच्या फटींत सिमेंट, म्हणून तयार काँक्रीट बेरजेपेक्षा बरंच कमी भरतं. बांधकामात ओल्या काँक्रीटच्या आकारमानाला १.५४ ने गुणून कोरडा माल धरायची रीत आहे. त्या हिशोबाने २४५ लिटर कोरड्या मालातून साधारण १६० लिटर काँक्रीट मिळेल. पट्टी इथे घटकांचं आपसातलं नातं बरोबर सांगते, पण घरांची बेरीज म्हणजे तयार मिश्रणाचं माप असं ती सांगत नाही. पैसे, वजन, माणसं यांची बेरीज होते. वाट्या, घमेली, लिटर मोजत असाल तर आधी विचार करा. (घराच्या स्लॅबसाठी कुठलं प्रमाण घ्यायचं ते अभियंत्याला विचारा.)

दोन वेगळी प्रमाणं जोडायची असतील तर? अ:ब = २:३ आणि ब:क = ४:५. ब ची एकदा ३ घरं आहेत, एकदा ४. ब एकच आहे, तर त्याची घरंही एकच हवीत. ३ आणि ४ चा लसावि १२. पहिल्या पट्ट्यांचं प्रत्येक घर चार तुकड्यांत कापा, दुसऱ्यांचं तीन तुकड्यांत. अ ८, ब १२, क १५. कागदाची पट्टी दुमडून दाखवलीत तर लसावि कशासाठी काढतात हे मुलाला पहिल्यांदा हातात सापडतं. आमच्या घरी तसंच झालं.

पायरी ७: टक्केवारी ही पण पट्टीच

१०० घरं काढायची गरज नाही. २० टक्के म्हणजे पाच घरांतलं एक. २५ म्हणजे चारातलं एक. ३० म्हणजे दहातली तीन.

दुकानात पाटी आहे: २० टक्के सूट, आता फक्त ९६० रुपये. मूळ किंमत किती? जवळजवळ प्रत्येक जण ९६० चे २० टक्के काढून त्यात मिळवतो आणि ११५२ म्हणतो. पट्टी काढा:

मूळ किंमत : [ ][ ][ ][ ][ ]
सूट जाऊन : [ ][ ][ ][ ]

सूट मूळ किमतीवर आहे, म्हणून पाच घरं मूळ किमतीची. एक घर गेलं, उरलेली चार घरं = ९६०. एक घर २४०, मूळ किंमत १२००.

कर उलट्या बाजूने चालतो. उपाहारगृहाच्या बिलावर ५ टक्के जीएसटी लागून ६३० रुपये झाले. ५ टक्के म्हणजे २० घरांमागे एक घर. बिलाची २० घरं, कराचं १ घर, मिळून २१ घरं = ६३०. एक घर ३०. खाण्याचे ६००, कर ३०.

सोन्याचंही तसंच. शुद्ध सोनं २४ कॅरेट धरतात, म्हणून पट्टीची २४ घरं. २२ कॅरेट म्हणजे त्यातली २२ घरं सोन्याची, २ घरं इतर धातूंची. १२ ग्रॅमची बांगडी असेल तर एक घर अर्ध्या ग्रॅमचं, सोनं ११ ग्रॅम. २२ ला २४ ने भागलं की ०.९१६ च्या पुढे आकडे येतात. दागिन्यावरचा ९१६ हा शिक्का कुठून आला ते मुलाने स्वतः भागाकार करून शोधलं, आणि मग घरातल्या सगळ्या दागिन्यांवरचे शिक्के भिंग घेऊन वाचले.

पायरी ८: 'आधी' आणि 'नंतर'ची गणितं

मुलं इथे सर्वांत जास्त घाबरतात. प्रमाण दोनदा दिलेलं असतं आणि मधे काहीतरी घडतं. पट्ट्याही दोनदा काढायच्या, वेगळ्या रंगांत. पण त्याआधी एकच प्रश्न: काय बदललं नाही?

*बेरीज बदलली नाही.* सईकडे आणि ओंकारकडे पैशांचं प्रमाण ५:१. सईने ओंकारला ४० रुपये दिले आणि दोघांकडे सारखे झाले. पैसे आपसातच फिरले, म्हणून सहा घरं आधीही होती, नंतरही आहेत. नंतर दोघांकडे तीन-तीन. सईची दोन घरं गेली, ती ४० ची. एक घर २०. आधी सईकडे १००, ओंकारकडे २०.

*एकच गोष्ट बदलली, दुसरी तशीच राहिली.* कोकमाचं आगळ आणि पाणी १:४ केलं होतं, फार कडक लागलं. ४ पेले पाणी आणखी घातल्यावर १:६ झालं. आगळाला कोणी हात लावला नाही, त्याचं घर तसंच. पाण्याची घरं चारावरून सहावर गेली. दोन घरं = ४ पेले, एक घर २ पेले. आगळ २ पेले, पाणी आधी ८, आता १२.

*फरक बदलला नाही.* वयांची सगळी गणितं यात येतात, कारण वर्षं दोघांचीही सारखीच वाढतात. आज आई आणि मुलीच्या वयांचं प्रमाण ४:१ आहे. ४ वर्षांनी ते ३:१ होईल. आजची वयं?

आज फरक ३ घरांचा, नंतर २ घरांचा. पण फरक तर तोच आहे! मग 'आज'चं घर आणि 'नंतर'चं घर वेगवेगळ्या मापाचं असलं पाहिजे. ३ आणि २ चा लसावि ६. आजचं प्रत्येक घर दोन तुकड्यांत कापा: ८ आणि २. नंतरचं तीन तुकड्यांत: ९ आणि ३. आता दोन्हीकडे फरक ६.

आज : आई ८, मुलगी २
४ वर्षांनी : आई ९, मुलगी ३

प्रत्येकीचं एक घर वाढलं, म्हणजे एक घर = ४ वर्षं. आई ३२, मुलगी ८. ताळा: चार वर्षांनी ३६ आणि १२, तिप्पट.

या शेवटच्या प्रकारात घाई करू नका. 'आधी'ची आणि 'नंतर'ची घरं आपोआप एका मापाची असतात असं समजून पुढे जाणं हा या पायरीचा सापळा आहे. जे बदललं नाही ते दोन्ही चित्रांत सारख्या घरांचं होईपर्यंत भागाकार करायचा नाही.

पायरी ९: दोन मापांची पट्टी, आणि जिथे पट्टी चालत नाही

७५० ग्रॅमचं पाकीट ९० रुपयांना आहे, शेजारी १ किलोचं ११५ ला. स्वस्त कुठलं? एकच पट्टी काढा. वर ग्रॅम लिहा, खाली रुपये. एक घर २५० ग्रॅमचं धरलं तर ७५० ग्रॅमची तीन घरं = ९० रुपये. एक घर ३०. किलोची चार घरं = १२०. म्हणजे ११५ चं मोठं पाकीट स्वस्त. घर केवढं धरायचं ते तुम्ही निवडायचं: दोन्ही मापांना पुरं भाग जाणारी संख्या शोधा. आणि ग्रॅम-किलो एकत्र ठेवू नका, आधी एकाच एककात आणा.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने हेच त्रैराशिक म्हणून केलं. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या 'लीलावती'त त्याची रीत आहे: प्रमाण, फल आणि इच्छा. आपल्या पाकिटात ७५० हे प्रमाण, ९० हे फल, १००० ही इच्छा. फलाला इच्छेने गुणा, प्रमाणाने भागा: १२०. पट्टीवर उत्तर आलं की त्रैराशिकाने पडताळून पाहा. दोन वाटांनी एकाच ठिकाणी पोचलं की मुलाचा विश्वास बसतो.

आता महत्त्वाचं. ६ मजूर एक काम १० दिवसांत करतात, तर ४ मजुरांना किती दिवस? पट्टी काढून बघा: ६ मजुरांना १०, म्हणून ४ मजुरांना पावणेसातच्या आसपास. म्हणजे माणसं कमी केली तर काम लवकर संपलं! हे व्यस्त प्रमाण आहे, आणि इथे पट्टी चालत नाही. आयत काढा. एका बाजूला ६ मजूर, दुसऱ्या बाजूला १० दिवस, आत ६० चौकटी. प्रत्येक चौकट म्हणजे एका मजुराचा एक दिवस. काम तेवढंच आहे, म्हणून चौकटी ६० च राहणार. आता एक बाजू ४ केली तर दुसरी १५. उत्तर १५ दिवस.

कुठलं चित्र काढायचं हे ओळखायला पेन्सिल उचलण्याआधी विचारा: एक वाढलं की दुसरं वाढेल की कमी होईल? किलो वाढले की रुपये वाढतात, पट्टी काढा. मजूर वाढले की दिवस कमी होतात, आयत काढा. वेग आणि वेळ, नळ आणि टाकी, तोंडं आणि पुरणारा शिधा ही सगळी आयताची गणितं.

पायरी १०: पट्टी कधी सोडायची

प्रमाण ४७:८३ असेल तर घरं काढत बसू नका. एक लांब तुकडा काढा, आत ४७ लिहा, खाली दुसऱ्यात ८३. नकाशाचं १:५०,००० तर काढताच येत नाही. तिथे एवढं लिहा: नकाशावर १ सेमी, जमिनीवर ५०,००० सेमी, म्हणजे ५०० मीटर. म्हणून २ सेमी म्हणजे १ किलोमीटर.

परीक्षेत वेळ कमी असतो. शिष्यवृत्तीच्या एका पेपरला ९० मिनिटांत ७५ प्रश्न, म्हणजे प्रश्नाला ७२ सेकंद. तिथे चौकोन काढू नका. उभ्या रेघा पुरतात: ||||| आणि |||. सराव भरपूर झाला असेल तर रेघाही लागत नाहीत, घरं मनातच दिसतात.

आणि सातवी-आठवीत मुलाने स्वतःहून एका घरात 'क्ष' लिहिलं तर लिहू द्या. माझ्या मुलाने एके दिवशी वही पुढे केली, थोरल्याच्या पाचही घरांत एकेक क्ष, धाकट्याच्या तीन घरांत एकेक. म्हणाला, "आई, तू तेव्हा ५क्ष वजा ३क्ष म्हणत होतीस ते हेच ना?" तेच होतं.

सरावासाठी पाच गणितं

१. वर्गात मुली आणि मुलगे यांचं प्रमाण ४:३. मुली ६ ने जास्त. एकूण विद्यार्थी किती?
२. ३० टक्के सूट जाऊन साडी १४०० ला मिळाली. मूळ किंमत?
३. १० लिटर मिश्रणात रंग आणि थिनर ४:१ आहे. २:१ करायला किती थिनर आणखी घालावं लागेल?
४. १८ कॅरेटची १६ ग्रॅमची साखळी. शुद्ध सोनं किती?
५. ३ नळ टाकी ४० मिनिटांत भरतात. तसेच ५ नळ सोडले तर?

उत्तरं: ४२ विद्यार्थी. २००० रुपये. २ लिटर (रंगाची घरं तशीच राहतात, त्याची ८ लिटर आहेत). १२ ग्रॅम. २४ मिनिटं. पाचव्याचं उत्तर ४० पेक्षा जास्त आलं असेल तर तुम्ही पट्टी काढली आहे. पायरी ९ मधला आयत पुन्हा काढून बघा.